तुरीच्या दाण्याएवढी खिडकी

त्या यंत्राच्या टोकाशी एक खिडकी आहे, तुरीच्या दाण्याएवढी. दिव्याखाली तिरकी धरली की ती आरशासारखी करडी दिसते. नीट पुसलेली असेल तर तिच्यात दिव्याचं एकच लखलखीत टिंब उमटतं. टिंबाभोवती धुकं दिसलं की मला कळतं, हे यंत्र वॉर्डात काही दिवसांपासून चुकीचा ताप सांगत होतं.

विदर्भातल्या एका रुग्णालयाच्या बायोमेडिकल विभागात मी काम करतो. तळघरात लाँड्रीच्या शेजारी आमची खोली आहे. तिथे माझ्या टेबलावर सिरिंज पंप येतात, सक्शन मशिन येतात, बीपीचे फुटलेले कफ येतात. या सगळ्यांत त्या खिडकीचं यंत्र, म्हणजे कानात धरायचा थर्मामीटर, सगळ्यात लहान. मोठं मशिन बंद पडलं की फोनवर फोन येतात. हा थर्मामीटर मात्र एखादी मावशी ॲप्रनच्या खिशातून काढून टेबलावर ठेवते आणि "सिस्टरने दिलाय" एवढंच सांगून जाते.

माझी मुलगी दहावीला होती तेव्हा तिला कवितेच्या ओळींचं रसग्रहण लिहायचं असे. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं असे तीन भाग पाडून ती घोकत बसायची. तिच्या शेजारी बसून मी एकदा हाच थर्मामीटर खोलत होतो, आणि वाटलं, ज्या नजरेने ही पोरं चार ओळी वाचतात, त्या नजरेने ही वस्तू वाचायला हवी. ती तेवढ्या योग्यतेची आहे. इतकी वर्षं हाताळल्यावर मी हे मनापासून म्हणतो.

तर आधी आशय. हे यंत्र वाचतं काय?

प्रत्येक ऊबदार वस्तूतून एक उजेड निघत असतो, डोळ्यांना न दिसणारा. त्याला अवरक्त किरण म्हणतात. माणसाच्या शरीरातून निघणाऱ्या या किरणांचा जोर साधारण ९ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास असतो. आपली नेहमीची काच या किरणांना आरपार जाऊ देत नाही, त्यांच्यापुढे ती भिंतच आहे. म्हणून ही खिडकी साध्या काचेची नसते. खिडकीच्या मागे, निदान जुन्या घडणीच्या यंत्रांत, एक छोटी नळी असते आणि तिला आतून सोन्याचा मुलामा दिलेला असतो. पहिल्यांदा एक मोडका थर्मामीटर उघडून ती नळी पाहिली तेव्हा मी टॉर्च मारून बराच वेळ आत बघत राहिलो होतो. सोनं तिथे शोभेला नाही. सोनं हे किरण जवळजवळ सगळेच्या सगळे परतवतं आणि स्वतःकडून फारसे सोडत नाही. दुसऱ्याचा निरोप पोचवताना स्वतःचं काही न घालणारा माणूस जसा, तशी ती नळी.

नळीच्या शेवटी थर्मोपाइल नावाचा इवलासा तुकडा बसवलेला असतो. कानाच्या पडद्यावरून आलेले किरण त्याच्या एका बाजूवर पडतात, दुसरी बाजू यंत्राच्या स्वतःच्या तापमानाला असते. दोन्ही बाजूंत जेवढा फरक, तेवढा अगदी सूक्ष्म विद्युतदाब तयार होतो. शेजारी बसलेला दुसरा सेन्सर सांगतो की यंत्र स्वतः किती अंशांवर आहे. दोन्हींची बेरीज झाली की पडद्यावर आकडा येतो. बटण दाबल्यापासून आकडा दिसेपर्यंत साधारण एक-दोन सेकंद.

या सेकंदाची किंमत समजायला मागे जावं लागतं. जर्मनीतल्या लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिश यांनी १८६८ साली आपला मोठा ग्रंथ छापला. सुमारे २५,००० रुग्णांच्या काखेतल्या तापाच्या नोंदी त्यामागे होत्या. ३७ अंश हा नेहमीचा आकडा तिथून रूढ झाला. त्यांचा थर्मामीटर जवळजवळ फूटभर लांब होता आणि काखेत पंधरा-वीस मिनिटं धरावा लागे. तापाने तळमळणाऱ्या पोराला वीस मिनिटं धरून ठेवणं म्हणजे काय, ते त्या पोराच्या आईलाच विचारावं. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये थॉमस क्लिफर्ड ऑलबट यांनी सहा इंचांचा, पाच मिनिटांत काम करणारा थर्मामीटर आणला. कानाकडे लक्ष वळलं ते फार उशिरा. १९६०च्या आसपास अमेरिकी नौदलाच्या संशोधन संस्थेत बेन्झिंगर यांनी कानाच्या पडद्याचं तापमान मोजलं. शरीराच्या तापावर नियंत्रण ठेवणारं मेंदूतलं केंद्र या पडद्यापासून फार लांब नाही. पण त्यांचा सेन्सर थेट पडद्याला टेकवावा लागे, आणि कानाच्या पडद्याला काही टेकणं हा प्रकार रोज वॉर्डात चालणारा नाही. स्पर्श न करता मोजायची युक्ती १९८०च्या दशकात आली. जेकब फ्रेडन यांच्या अवरक्त थर्मामीटरला अमेरिकेत १९८९ साली पेटंट मिळालं.

म्हणजे या यंत्राचं खरं सौंदर्य न शिवण्यात आहे. ते पडद्यापर्यंत जात नाही, दारातूनच बघतं. म्हणून दार नीट उघडून द्यावं लागतं. मोठ्या माणसाचा कान वर आणि मागे ओढायचा, वर्षाच्या आतल्या बाळाचा सरळ मागे. वळणदार वाट जराशी सरळ झाली की यंत्राला पडदा दिसतो. नाही ओढला तर ते कानाच्या भिंतीचा ताप वाचतं, आणि भिंत पडद्याहून गार असते. आमच्या बालरुग्ण विभागातल्या इन्चार्ज सिस्टर नवीन मुलींना हे शिकवताना आधी त्यांचाच कान ओढून दाखवतात. आणि पोर एका कुशीवर झोपलं असेल तर उशीकडचा कान घ्यायचा नाही, तो कोंडलेल्या उबेने जास्त दाखवतो, हेही.

आता थर्मोपाइलच्या दोन बाजूंमधल्या त्या फरकाकडे परत येतो, कारण विदर्भात तो फरक फार महत्त्वाचा आहे. हे यंत्र ताप थेट मोजत नाही. स्वतःत आणि कानात किती अंतर आहे ते मोजतं. वॉर्डात २७ अंश असेल आणि पोराला ३९ ताप असेल तर अंतर बारा अंशांचं, यंत्राला वाचायला भरपूर. पण चंद्रपूर, नागपूर, अकोल्याचा मे महिना डोळ्यांपुढे आणा. बाहेर पारा ४५च्या पुढे जातो. कूलर बंद पडलेल्या जनरल वॉर्डात दुपारी तीन वाजता यंत्र आणि कान एकाच तापमानाला येतात आणि थर्मोपाइलला वाचायला जवळजवळ काहीच उरत नाही. कधी कधी यंत्रच कानापेक्षा गरम असतं. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत वापराची मर्यादा १० ते ४० अंश अशी दिलेली असते, काहींची याहून अरुंद. एसीच्या खोलीतून यंत्र तापलेल्या वॉर्डात नेलं तर ते तिथल्या हवेशी जुळेपर्यंत अर्धा तास थांबावं असंही लिहिलेलं असतं. पुस्तिका मराठीत नसते आणि डब्यातून बाहेर फारशी येत नाही. त्यामुळे आमच्याकडे मे-जूनमध्ये मी स्वतः वॉर्डांत फिरून सांगतो: थर्मामीटर खिडकीत ठेवू नका, ऑटोक्लेव्हच्या खोलीत ठेवू नका, औषधांच्या ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात ठेवा.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत एक थर्मामीटर माझ्याकडे आला. तक्रार काही नव्हती, कागदावर फक्त "चेक करणे" लिहिलेलं. मी बालरुग्ण विभागात फोन केला. इन्चार्ज सिस्टरनी सांगितलं ते असं. चार-पाच वर्षांची मुलगी, रात्रीपासून मलूल. सकाळी सिस्टरने कानात टेम्परेचर घेतलं, ९९.९ फॅरनहाइट आलं. टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर तेवढंच लिहिणार, तेवढ्यात मुलीची आई म्हणाली, "सिस्टर, हात लावून बघा ना, चटका बसतोय." सिस्टरने हाताची पालथी बाजू पोरीच्या मानेला लावली आणि आकडा लिहायची थांबली. काखेत साधा डिजिटल थर्मामीटर लावला तर १०१.२. आणि काखेतला आकडा कानापेक्षा कमीच यायचा असतो. "ताई, तुमचं बरोबर आहे," असं आईला सांगून त्यांनी डॉक्टरांना बोलावलं आणि यंत्र माझ्याकडे पाठवून दिलं.

मी ते दिव्याखाली धरलं. खिडकीत टिंब उमटलं नाही. भिंग लावलं. कडेपासून मधोमध आलेला एक पिवळसर, चिकट पापुद्रा होता, कानातल्या मळाचा, आणि त्यावर कापसाचा एक बारीक तंतू. कुणीतरी पुसायचा प्रयत्न केला होता, कोरड्या बोळ्याने, आणि मळ जाण्याऐवजी पसरला होता.

आमच्याकडे ब्लॅक बॉडी आहे. नावाने भीतिदायक, प्रत्यक्षात पाण्यात बसवलेली एक काळी पोकळी, तिचं तापमान अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत स्थिर राखता येतं. कानाचा तो आदर्श नमुना म्हणावा. यंत्र तपासणीच्या मोडवर टाकून मी त्या पोकळीत धरलं. पोकळी ३९.० वर, यंत्र म्हणालं ३७.८. मग पोकळी ३७.० वर आणली, यंत्र म्हणालं ३६.०. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून मी बघत बसलो. चूक दोन्हीकडे सारखी नव्हती. ताप नव्हता तिथे चूक एका अंशाची, ताप होता तिथे सव्वा अंशाच्या आसपास.

हे का होतं ते एकदा कळलं की विसरता येत नाही. खिडकीवरचा डाग कानातून येणाऱ्या किरणांचा एक हिस्सा अडवतो आणि त्या जागी स्वतःची ऊब मिसळतो. त्याची ऊब म्हणजे वॉर्डाच्या हवेची. म्हणजे पडद्यावरचा आकडा थोडा पोरीचा आणि थोडा वॉर्डाचा असतो. पोरीचा ताप जितका चढेल, तितका डाग जास्त लपवतो. आणि मे महिन्यात हवाच कानाएवढी तापते तेव्हा हा डाग जवळजवळ पकडलाच जात नाही, तो थंडीत पुन्हा डोकं वर काढतो.

बंद पडलेलं यंत्र वॉर्डात कुणाला फसवत नाही. पडद्यावर काही दिसत नाही, सिस्टर दुसरं घेते. मळकट यंत्र मात्र चालू असतं, बीप वाजवतं, स्वच्छ ठसठशीत आकडा दाखवतं. आणि आमच्या वॉर्डांत वर्षातले बरेच महिने त्याची चूक एकाच दिशेने होते, दिलासा देणाऱ्या दिशेने. म्हणून या यंत्राच्या बाबतीत टिकाऊपणा हा शब्द मी वेगळ्या अर्थाने वापरतो. ते किती वर्षं चालतं हा माझ्या लेखी दुय्यम प्रश्न आहे. ते किती वर्षं खरं बोलतं, हा पहिला.

मी स्पिरिटचा बोळा घेतला, टोक खाली धरून पुसलं. टोक वर धरलं तर स्पिरिट कडेतून आत उतरतं. दुसऱ्या, कोरड्या, धागे न सोडणाऱ्या बोळ्याने एकदाच फिरवून घेतलं. मग ठेवून दिलं. स्पिरिट उडताना खिडकी गार करतं, लगेच मोजलं तर आकडा पुन्हा खाली येतो. दहा मिनिटांनी पोकळीत धरलं, ३९.० ला ३८.९ आलं. कानाच्या थर्मामीटरला मानकांनुसार या पट्ट्यात दोन दशांश अंशांची चूक माफ आहे. म्हणजे यंत्र शाबूत होतं. सहा-सात वर्षं वापरलेलं, अंगावर ओरखडे, बटणावरचं चिन्ह पुसलेलं, आणि आतून अगदी ठणठणीत.

मग मळ खिडकीवर आला कसा? कव्हरमधून. प्रत्येक रुग्णाला नवीन प्रोब कव्हर लावायचं असतं, ते फक्त जंतूंसाठी असं बहुतेकांना वाटतं. कव्हर हा या यंत्राच्या डोळ्याचाच भाग आहे. ते पॉलिथिनच्या जातीच्या अगदी पातळ पडद्याचं असतं, आपल्या दुधाच्या पिशवीच्या नात्यातलं प्लास्टिक. काच जे किरण अडवते ते हे प्लास्टिक सोडतं. किती सोडतं, त्याचा हिशोब यंत्राच्या आकडेमोडीत आधीच धरलेला असतो. म्हणून एकावर एक दोन कव्हरं घातली की आकडा घसरतो, आणि तेच कव्हर पुसून पुन्हा वापरलं की ते ताणतं, सुरकुततं, शेवटी केसाएवढं चिरतं. त्या चिरेतून मळ आत येतो.

आमच्याकडे त्या महिन्यात कव्हरं संपली होती. स्टोअरला इंडेंट गेला होता, माल आला नव्हता. वॉर्डात वीस पोरं, सहा तासांनी एकदा टीपीआर, म्हणजे दिवसाला ऐंशी कव्हरं. सिस्टरांनी काय करायचं? त्यांनी कव्हरं पुसून वापरली. मी त्यांना दोष देत नाही. यंत्र घेताना किंमत विचारतात, कव्हरांचा वर्षाचा खर्च कुणी विचारत नाही, आणि कव्हरांचा खर्च बघता बघता यंत्राच्या किमतीच्या पुढे जातो. खरेदीच्या कागदावर तो खर्च पहिल्या दिवशीच लिहिलेला असायला हवा. हे मी आमच्या बैठकीत तीनदा मांडलं आहे, चौथ्यांदाही मांडीन.

बाकीच्या अवयवांबद्दल थोडक्यात. पडण्याने हे यंत्र मरतं असं समजतात, ते फारसं खरं नाही. कंबरेच्या उंचीवरून पडलेले कितीतरी थर्मामीटर मी तपासून वॉर्डात परत पाठवले आहेत. पण पडल्यावर न तपासता वापरू नये, कारण आतली नळी जरा जरी सरकली तरी बाहेरून दिसत नाही. जास्त थर्मामीटर मरतात ते सेलमुळे. महिनोन् महिने सेल आत तसेच राहतात, पाझरतात, पत्र्याच्या पट्ट्यांवर पांढरी-हिरवी भुकटी धरते. आणि काही मरतात अति स्वच्छतेमुळे. फरशीसाठीचं हायपोक्लोराइट घेऊन कुणीतरी मनापासून यंत्र पुसतं, आणि काही महिन्यांत प्लास्टिकला तडे जातात. कव्हर बसलं आहे की नाही हे ओळखणारा टोकाजवळचा छोटा खटका चिकटतो, मग यंत्र कव्हर असूनही "कव्हर लावा" म्हणत राहतं. त्याला बहुतेक वेळा एक ओला बोळा पुरतो.

जुन्या लोकांना पाऱ्याचा थर्मामीटर आठवतो, मलाही आठवतो. मनगटाचा झटका देऊन पारा उतरवणारी सिस्टर हे आमच्या लहानपणाच्या दवाखान्याचं चित्र होतं. त्या काचेच्या कांडीला सेल नको, कव्हर नको, कॅलिब्रेशनचं स्टिकर नको. फुटेपर्यंत ती खरं सांगायची. हे तिचं मोठेपण मान्य करायलाच हवं. पण फुटल्यावर पारा फरशीच्या फटीत जाऊन बसायचा. तमिळनाडूत कोडाईकनालचा पाऱ्याच्या थर्मामीटरचा कारखाना २००१ साली बंद झाला, तिथल्या कामगारांचा आणि मातीचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षं चालला. पाऱ्यावरचा मिनामाटा करार २०१३ साली झाला, भारताने त्याला २०१८ साली मान्यता दिली. आता ती कांडी परत येणार नाही, येऊ नये. तिच्या बदल्यात जे आलं त्याला राखणारा माणूस लागतो, एवढाच त्याचा अर्थ.

२०१५ पासून सरकारी रुग्णालयांसाठी वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे, उपकरणांवर क्रमांकाची चिठ्ठी लागते, तक्रारीला फोन नंबर असतो. चांगलं काम आहे. पण अशा सगळ्या व्यवस्थांमध्ये उपकरण चालू की बंद एवढंच आधी विचारलं जातं. वर्षातून एकदा कॅलिब्रेशन होतं, स्टिकर लागतं, पुढची तारीख पडते. स्टिकर त्या एका दिवसापुरतं खरं असतं. दुसऱ्या दिवशी एका पोराच्या कानातला मळ चिरलेल्या कव्हरातून आत गेला की उरलेले ३६४ दिवस त्या स्टिकरला काही माहीत नसतं. ते फक्त रोज खिडकी पाहणाऱ्या सिस्टरला माहीत असतं.

म्हणून आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली. सकाळच्या हँडओव्हरला, ऑक्सिजन सिलिंडर आणि क्रॅश ट्रॉली बघतात तेव्हा, थर्मामीटरची खिडकीही ट्यूबलाइटखाली धरून बघायची. टिंब दिसलं तर वहीत बरोबरची खूण. नाही दिसलं तर टोक खाली धरून स्पिरिटने पुसायचं, वाळू द्यायचं, तोवर काखेतला थर्मामीटर वापरायचा. याला अर्धं मिनिट लागतं. पहिल्या महिन्यात सिस्टरांनी कुरकुर केली, आता नवीन मुलींना त्याच शिकवतात. बालरुग्ण विभागाची ती वही मी महिन्याला चाळतो. तिच्यात खुणांशिवाय काही नसतं, क्वचित एखाद्या तारखेपुढे "पुसला" असा एक शब्द. तो शब्द वाचताना मला त्या दिवशी वॉर्डात असलेली सगळी पोरं आठवतात, जी मी पाहिलेलीही नसतात.

तो फेब्रुवारीतला थर्मामीटर अजून त्याच वॉर्डात आहे. गेल्या आठवड्यात पोकळीत धरला तेव्हा ३९.० ला ३९.० आलं.

हे वाचणाऱ्यांत कुणी इन्चार्ज सिस्टर असतील तर त्यांना एक विनंती आहे: कव्हरांचा डबा संपायची वाट बघू नका, अर्धा झाला की इंडेंट लिहा.